हिरवा वर, लाल खाली

जानेफळचा रहेमतुल्ला दर्जी १९४० साली फौजेत गेला तो बंदुकीसाठी नव्हे, सुईसाठी. शिपायांचे फाटके कपडे सांधत तो थेट हबशी लोकांच्या मुलखात, अबिसिनियाच्या डोंगरात पोचला. तिथे पाच वर्षं इटलीचा अंमल होता. तो उठवायला इंग्रजांची फौज निघाली होती.

वाटेत हिवतापाने त्याला धरलं. चढावर तो मागे पडला आणि एका खेड्याजवळ कोसळला. शुद्धीवर आला तेव्हा गळ्यात क्रूस घातलेली एक म्हातारी त्याला चमच्याने दूध पाजत होती. तिचं नाव देस्ता. सहा दिवस तिने त्याला पोटच्या पोरासारखं जपलं. तिचा जावई एडनच्या बंदरात हमाली करताना मोडकंतोडकं हिंदुस्थानी शिकला होता, म्हणून बोलणं व्हायचं.

ताप उतरल्यावर देस्ताने कणगीतल्या धान्यातून कापडाच्या तीन पट्ट्या काढल्या. हिरवी, पिवळी, लाल. देशाचा झेंडा घरात सापडला तर जिवावर बेतलं असतं, म्हणून तिने तो उसवून लपवला होता.

"सांधून देशील का, विचारतेय," जावई म्हणाला.

रहेमतुल्लाने लाल पट्टी वर धरली. म्हातारी हसली आणि तिने त्याचा हात फिरवला.

"हिरवा वर. तो जमिनीचा. पिवळा देवावरच्या भरवशाचा. लाल रक्ताचा. हिचा मुलगा लढाईत गेला," जावयाने सांगितलं. "आधी या तीन वेगळ्या पताका होत्या. पंचेचाळीस वर्षांमागे आम्ही इटलीला एकदा हरवलं, त्यानंतर त्या एक झाल्या."

लाल पट्टीवर रहेमतुल्लाची सुई थबकली. देस्ताने मानेनेच खुणावलं, चालू दे. त्याने दुहेरी टीप घातली. दुसऱ्या दिवशी झेंडा काठीवर चढला तेव्हा अख्खं गाव रडत होतं. त्याच दुपारी फौजेची लॉरी त्याला घेऊन गेली.

लढाई संपून तो घरी आला. बायको जमीलाने विचारलं, "काय आनलं जी?"

"जीव आनला. तोही त्या बाईनं देल्ला. मौलवीसाहेब सांगत ना, पैगंबराच्या वक्ताले हबशाच्या ख्रिस्ती राजानं आपल्या लोकायले आसरा देल्ता? मले ते जुनं वाटे. आता वाटत नाही."

जमीलाने त्या जुम्म्याला गोड भात केला आणि देस्ताच्या नावानं गल्लीत वाटला.

"हे देस्ता कोन वं?" शेजारच्या सुभद्राबाईने विचारलं.

"माही दुसरी सासू," जमीला म्हणाली आणि तिच्या ताटात आणखी एक डाव भात वाढला.