दोन थेंब

नाशिकजवळच्या एका द्राक्षबागेत वाइन चाखायला बसलो होतो. पांढरी, मग लाल, मग पुन्हा पांढरी. ओतणारी तरुणी सांगत होती, हिच्यात पेरूचा वास येईल, तिच्यात मिऱ्याचा. मी ग्लास हलवत होतो, हुंगत होतो आणि दर घोटानंतर वाटत होतं, आधीचीच बरी होती. घरी न्यायची होती एकच बाटली, पण मन कशावरच ठरेना. टेबलाखाली पाय उगाच हलत होता.

शेजारच्या टेबलावर एक आजोबा लेकीबरोबर आले होते. ग्लास पुढ्यात आला की ते आधी त्यात बोट बुडवायचे, दोन थेंब जमिनीवर शिंपडायचे आणि मगच ग्लास ओठाला लावायचे.

"बाबा, इथं नका ना असं करू," लेक कुजबुजली.

"अगं, माझ्याबरोबर बसणारे सगळे गेले. त्यांना आधी नको द्यायला?"

माझा शेवटचा ग्लास आला. कुणाचं लक्ष नाही असं बघून मीही बोट बुडवलं. थेंब ओघळत मनगटापर्यंत आला, तरी शिंपडायला एकाचंही नाव आठवेना.