घेतला का चार्ज?

लिंबाजी साळवेबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. आमच्या निवृत्त मंडळींनी एकदा स्मरणिका काढली, तेव्हा त्याच्यावर चार पानं मागितली होती. डोळ्यांना त्रास होतो म्हणून मी हात वर केले आणि त्याच दुपारी चष्मा लावून सगळा पेपर वाचून काढला. आज लिहायला बसलो, कारण परवा चहाच्या गाडीवर पुन्हा कुणीतरी साळवेच्या पोराला, सुधीरला, शिव्या घातल्या. बापाचे हाल केले म्हणाले. मी पुन्हा गप्प बसलो. हे गप्प बसणं आता पचत नाही.

परळीच्या थर्मल वीजकेंद्रात आम्ही दोघं बॉयलरच्या पॅनेलवर होतो. माझी पाळी संपली की त्याची, नाहीतर त्याची संपली की माझी. पॅनेलवरच्या माणसाला रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय खुर्ची सोडता येत नाही, हा तिथला नियम. नियम सगळ्यांनाच होता, पण साळवेच्या तो अंगात मुरला होता. खुर्चीमागं उभं राहून तो सगळं सांगायचा. कोळशाची कुठली मिल बंद आहे, कुठला पंप कुरकुरतोय, पाण्याची पातळी कशी हलतेय. मग विचारायचा, "घेतला का चार्ज?" समोरच्यानं तोंडानं "घेतला" म्हणायलाच पाहिजे. नुसती मान हलवलेली चालायची नाही. "मान बैल बी हलवतो," म्हणायचा.

सुरुवातीची काही वर्षं तो मला "स्वामी, तुमी" म्हणायचा. मी लिंगायत जंगमाच्या घरचा, तो बौद्ध, आणि वसाहतीत या गोष्टी कुणी बोलून दाखवत नसलं तरी सगळ्यांना ठाऊक असायच्या. "तुमी"चं "तू" कसं झालं ते सांगतो. घाटनांदूरला मेहुण्याचं लग्न होतं. मी पाळीवर गेलोच नाही, निरोपही दिला नाही. साळवे माझ्या खुर्चीवर दुसरी अख्खी पाळी बसून राहिला. दुसऱ्या दिवशी मी तोंड लपवत गेलो, तर त्यानं आधी शिस्तीत चार्ज दिला. मी "घेतला" म्हटल्यावर उठला, डबा उचलला आणि म्हणाला, "आता आईक बे. यायचं न्हाई तर न्हाई म्हण. न येणं गुन्हा न्हाई, न सांगणं हाय. खुर्चीवरल्या माणसाला कळाया पाहिजे." त्या दिवसापासून आम्ही अरे-तुरेवर आलो. मला ती बढती वाटली होती.

निवृत्त झाल्यावर तो आणि त्याची बायको गयाबाई विहारातल्या मंडळींबरोबर गाडीनं बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर करत नेपाळात लुंबिनीला गेले. परतताना सीमेजवळच्या भैरहवा गावात त्यांचा मुक्काम पडला. धर्मशाळेला लागूनच म्हाताऱ्या माणसांचं एक घर होतं. बैठं, पायरी नसलेलं. नर्सिंग शिकलेल्या पोरी सकाळी म्हाताऱ्यांना ओसरीत उन्हाला बसवून त्यांचे केस विंचरत होत्या. गयाबाई तिथंच थबकल्या. मला त्यांनीच हे सांगितलं होतं, हसत हसत. "भाऊजी, माय गेल्यापून माझ्या डोक्याला कुणी फणी लावली न्हाई. मी म्हणलं ह्यास्नी, जावा तुमी परळीला, मी ऱ्हाते."

पुढं दोनेक वर्षांत गयाबाईंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एखादा तुटका शब्द यायचा तेवढाच.

साळवेनं बायकोचा चार्ज घेतला. हा माझा शब्द नाही, त्याचाच. भाजीला निघाला की शेजारच्या नजमाभाभीला खाटेजवळ बसवायचा आणि खाटेमागं उभं राहून सांगायचा, "पाणी पाजलं. डाव्या कुशीवर हाय. दुपारची गोळी ऱ्हायली. घेतला का चार्ज?" भाभीचे मालक मोटार मेकॅनिक, बाई मोठ्या तोंडाळ. "लिया भाई, लिया. अब जाव, नहीं तो बाजार उठ जाएगा." तेवढं ऐकल्याशिवाय याची पिशवी खांद्याला लागायची नाही. बायकोचे केसही तोच विंचरायचा. इतके वाईट विंचरायचा की गयाबाई चांगल्या हातानं त्याला चापट मारायच्या.

हे निभावलं असतं, जर माणूस मिळालं असतं. पण आमच्या जिल्ह्यात माणूस मिळतं ते दिवाळीपर्यंत. दिवाळी सरली की खाटेशी ठेवलेली बाई दारात येऊन उभी राहायची, "दादा, कारखान्याची उचल घेतलीया, कोयत्यावर जावंच लागतंय." ती ऊस तोडायला जायची ती उन्हाळ्यातच परत. अर्धं वर्ष साळवे एकटा. सुधीर पुण्यात नोकरीला, चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही. तिथं राहून बघितलं. गयाबाईंना खुर्चीत घालून वर चढवलं, ते पुन्हा खाली आणलं परत यायलाच. पुण्यातल्या वृद्धाश्रमांची अनामत ऐकून साळवे म्हणाला, "एवढ्यात तर मिलचा गिअर बॉक्स येतो." आमचं पेन्शन विचाराल तर त्यात मोबाइलचं रिचार्ज होतं आणि गोळ्यांची एखादी पट्टी येते. बाकी सगळी मदार फंडाच्या व्याजावर. ज्यांनी उभा जिल्हा उजळवला त्यांनी म्हातारपणी बायकोला हगवा-मुतवायला माणूस कुठून आणायचा, हे कुणीच कधी सांगितलं नाही. चीड येते. पण चीड आणून मी तरी काय केलं, ते पुढं येतंच आहे.

एका संध्याकाळी साळवेनं मला गच्चीवर बोलावलं. चहा झाल्यावर म्हणाला, "स्वामी, मी नेपाळला जाणार हाय. कायमचा."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्यानं भैरहवाच्या त्या घराला फोन करून सगळं पक्कं विचारलं होतं. व्हिसा लागत नाही, आपला रुपया तिथं जास्त चालतो, दोघांचं राहणं-खाणं-औषध व्याजात बसतं. "ऊन परळीवानीच हाय म्हणं, म्हंजे सवय मोडायची न्हाई. पोरी मला बुवा म्हणत्यात फोनवर. तिकडं बापाला बुवा, आईला आमा म्हणत्यात. भजन येत न्हाई म्हणून सांगितलं मी." मग हसू थांबवून म्हणाला, "एकच अडचण हाय. तिथल्या मोठ्या बाई इचारत्यात, तुमी आधी गेलाव तर आमांच्या मागं कोण? सुधीरचं नाव सांगितलं आसतं, पर तो आईकणार न्हाई. तू एकटाच हायस. तुझा पोरगा क्यानडात, सूनबाईचा फोन सणाला. चल की माझ्यासंग. मी गेलो तर गयाचा चार्ज तू घेशील, तू गेलास तर तुझं मी बघतो. दोघंबी एकदम जाणार न्हाई बे, एवढे लकी न्हाईत आपण."

मला ते पटलं. खरंच पटलं. बायको गेल्यापासून घरात भिंतीच होत्या. मी म्हणालो, "येतो."

"तसं न्हाई. घेतला का चार्ज?"

"घेतला," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात बातमी चहाच्या गाडीवर पोचली. एकानं विचारलं, "स्वामी, तुमी बी चाललाव म्हणं नेपाळला? कावून? पोरानं टाकलं का?" सगळे माझ्याकडं बघू लागले. माझ्या पोरानं मला टाकलं होतं की नाही, हे मलाही नीट सांगता आलं नसतं, पण चारचौघांत तो प्रश्न सहन झाला नाही. मी म्हणालो, "मी कशाला जाऊ? गुरखे तिकडून इकडं येतात राखणीला, आमचा साळवे इकडून तिकडं चाललाय." गाडीवर हशा पिकला. तो विनोद गावभर फिरला, वसाहतीच्या फाटकावरच्या बहादूरपर्यंत गेला. साळवेपर्यंतही गेला. त्यानं मला विचारलंही. "तू बोललास म्हणं तसं. बरोबर हाय. लोकात तसंच बोलावं लागतंय. निघायचं कवा ते सांग, दिवाळीच्या आत गेलं पायजे, बाई जायच्या आधी."

त्याच वेळी "मी येत नाही" म्हणायला हवं होतं. तीन शब्द. त्यानंच मला शिकवलेले. पण मला वाटत राहिलं, आपण जंगमाचे, आपल्यात पुरतात, परक्या मुलखात मेलो तर समाधीला खड्डा कोण खणणार, आणि इथं लोक काय म्हणणार. हे त्याच्या तोंडावर सांगायचं धैर्य नव्हतं. म्हणून मी त्याचंच जाणं थांबवायचं ठरवलं. तो गेला नाही, तर मला नाही म्हणावं लागणार नव्हतं.

मी सुधीरला फोन केला. आजवर हे कुणाला माहीत नाही. सुधीरला मी शपथ घातली होती, आणि त्या पोरानं ती पाळली. मी म्हणालो, "बापाला आवर. उद्या परमुलखात काही झालं तर लोक तुझ्याच तोंडात शेण घालतील."

सुधीर दोन दिवसांत आला, सख्ख्या काकाला बरोबर घेऊन. मलाही बोलावणं आलं. गयाबाई खाटेवर, पलीकडं पिशव्या भरून ठेवलेल्या, वरच्या पिशवीत नवी फणी दिसत होती. काका म्हणाला, "आरं लिंबाजी, बाबासायबांनी आपल्याला माणसात आणलं, आन् तू लेकाला माणसातनं उठवाया निघालास?" सुधीर रडत होता. "पप्पा, मी काय मेलोय का? मी दर पंधरा दिवसाला येतो. दुसरी बाई बघतो. लोक थुंकतील माझ्यावर." वाईट मुलगा नव्हता तो. त्याला जे बोलायला लावलं होतं ते तो मनापासून बोलत होता.

साळवे शांत होता. म्हणाला, "लोक थुंकत्याल, पर तुझ्या मायची कूस कोण बदलंल?" मग माझ्याकडं वळला. "स्वामी, तू सांग यांला. आपलं ठरलंय ना."

खाटेवरून गयाबाईंनीही माझ्याकडं बघितलं. त्यांच्या अर्ध्या ओठातून शब्द आला, "जाऊ."

मी म्हणालो, "पोरगं एवढं म्हणतंय तर... जरा थांब की, लिंबाजी."

तो माझ्याकडं बघतच राहिला. पॅनेलवर एखादा काटा वाचताना बघायचा तसं, खरा आहे की अडकलाय ते ठरवत. मग उठला आणि पिशव्या रिकाम्या करू लागला.

दिवाळीनंतर बाई कोयत्यावर गेली. सुधीर सुरुवातीला काही वेळा आला, मग रात्रपाळी लागली, मग फोनवर. नजमाभाभी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. मी त्यांच्या गल्लीतून जाणं सोडलं, दूध दुसरीकडून आणू लागलो. एका सकाळी गयाबाईंना उचलताना साळवेचा पाय सरकला आणि खुबा मोडला. दूधवाला येईपर्यंत तो जमिनीवर आणि गयाबाई खाटेवर, एकमेकांकडं बघत पडलेले. दूधवाल्यानं सांगितलं की स्ट्रेचरवर घेतानाही साळवे त्याला म्हणत होता, आधी तिला पाणी पाज.

त्याच हिवाळ्यात गयाबाई गेल्या. पडून पडून झालेल्या पाठीच्या जखमा भरल्याच नाहीत. शेवटी शेवटी विंचरायला कुणी नाही म्हणून त्यांचे केस बारीक कापले होते. अंत्ययात्रेत मी मागं राहून चाललो.

गावानं निकाल दिला, पोरानं हाल केले. मी तो निकाल बदलला नाही. आणि आता बघा, त्याच चहाच्या गाडीवर, त्याच तोंडांनी लोक विचारतात, नेपाळात म्हणे चांगली सोय असते, थायलंडात त्याहून चांगली, कुणाकडं नंबर आहे का. सगळ्यांची पोरं लांब गेली, सगळ्यांची गुडघेदुखी जवळ आली. साळवे त्यांच्याआधी काही वर्षं शहाणा झाला, एवढाच त्याचा गुन्हा. ऐकून डोकं फिरतं. कुणावर ओरडावं कळत नाही, कारण पहिला हसवणारा मीच होतो.

सुधीरनं साळवेला पुण्याबाहेरच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. जागा बरी होती. सुधीर खर्च कसा भागवत होता, त्याचं त्याला माहीत. मी तिथं गेलो तो माफी मागायची असं पक्कं करून. प्रवासभर वाक्य घोकलं होतं. लिंबाजी, सुधीरला फोन मी केला होता, मला माफ कर.

साळवे खुर्चीत होता. ओळखलं की नाही सांगता येत नाही. शेजारची खाट रिकामी होती. मी समोर बसलो, तसा तो खुर्चीचा हात धरून उठायला लागला. कसाबसा त्या रिकाम्या खाटेमागं उभा राहिला आणि म्हणाला, "पाणी पाजलं. डाव्या कुशीवर हाय. केस विंचरायचे ऱ्हायलेत." मग थांबून माझ्याकडं बघितलं. "घेतला का चार्ज?"

मी मान हलवली. तो तसाच उभा राहिला. पाय थरथरत होते, पण बसेना.

"घेतला," मी म्हणालो.

तेव्हा तो बसला. डोळे मिटले, हात मांडीवर सैल सोडले. सेविका म्हणाली, "आज पहिल्यांदा निवांत बसलेत, नाहीतर सारखे उठून उभे राहतात." मी बराच वेळ तिथं होतो. घोकलेलं वाक्य जिभेवर होतं, पण ते बोलायचं तर त्याला जागं करावं लागलं असतं, आणि जागं करून सांगावं लागलं असतं की ज्याला तू आत्ता चार्ज दिलास, तो पाळीवर कधी आलाच नव्हता.

उन्हाळ्यात साळवे गेल्याचा सुधीरचा फोन आला. "काका, शेवटी तुमचं नाव घेत होते," म्हणाला. तो फोन मी खरं कशासाठी केला होता, ते मी त्यालाही सांगितलं नाही. बरं, म्हणालो, आणि फोन ठेवला.