पोहत गेलो तो किल्ला

मी थापा मारतो, असं आमच्या कॉलनीत लोक म्हणतात. साफ खोटं आहे. मी खऱ्यात थोडं पाणी घालतो. दूधवाला घालतो तितकंच. नाशिकजवळ एकलहऱ्याच्या वीज केंद्रात हयात घालवली. एकदा सुटलेलं टर्बाइन मी नुसत्या तळहाताने थांबवलं, ही गोष्ट मी ज्यांना सांगायचो ते सगळे त्या दिवशी तिथेच हजर होते. तरी निमूट ऐकायचे.

पण माझी सर्वांत मोठी थाप नोकरीच्याही आधीची. मुलगी बघायला नांदगावला गेलो होतो. पोह्यांची बशी हातात, मोठी माणसं गप्प. कोणीतरी म्हणालं, मुलीलाही काही विचारायचं असेल तर विचारू द्या. तिने मान वर केली आणि विचारलं, "तुम्ही समुद्र पाहिलाय का?"

टँकरमागे हंडा घेऊन धावण्यात वाढलेली मुलगी ती. मी समुद्र पाहिला होता तो कॅलेंडरवर, मे महिन्याच्या पानावर.

"पाहिलाय म्हणजे? अलिबागला समुद्रात किल्ला आहे ना, तिथवर पोहत गेलो नि पोहतच परत आलो."

ती हसली. लग्न ठरलं.

मग तो समुद्र आमच्या घरात वाढत गेला. आधी लाटा माणसाएवढ्या होत्या, मुलं शाळेत जायला लागली तोवर त्या केंद्राच्या चिमणीला टेकल्या. एक देवमासा मला पाठीवर घ्यायला आला होता, त्याला मी "नको, जवळच जायचंय" म्हणून माघारी धाडला. बायको पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि कधी म्हणायची, "मागच्या वेळी दोन होते देवमासे."

मुलं नोकरीला लांब गेली, मी निवृत्त झालो, आणि दुसऱ्याच महिन्यात माझं बोलणं आटलं. दुःख म्हणाल तर नव्हतं. दुःख असतं तर त्याच्यावरही चार थापा ठोकल्या असत्या. नुसतं बधिर. दात काढण्याआधी सुई देतात तसं, पण जबड्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. डॉक्टरांनी सगळं तपासलं. सगळं ठीक निघालं. चिवडा खाल्ला काय नि पुठ्ठा खाल्ला काय. शेजारच्या ताई माझ्या गोष्टींच्या जुन्या गिऱ्हाईक. संध्याकाळी चहाला यायच्या, "काका, सांगा की एखादी" म्हणायच्या, आणि मी पंख्याकडे बघत बसायचो.

शेवटी बायको म्हणाली, "चला, तुमच्या समुद्राला जाऊ. तिथं तरी तोंड उघडाल."

म्हणजे थाप उघडी पडणार. ज्या एका गोष्टीवर ही बाई नांदगाव सोडून माझ्या मागे आली, ती गोष्टच खोटी. मी घाबरायला हवं होतं. एसटीत बसून भीतीची वाट पाहिली. कसारा घाट उतरला, आली नाही. पनवेलला गाडी बदलली, तरी नाही.

अलिबागला सकाळी किनाऱ्यावर गेलो तर समुद्र जागेवर नव्हता. ओहोटी होती. ओली वाळू, मध्ये घोट्याएवढं पाणी, आणि त्यातून माणसं चपला हातात घेऊन किल्ल्याकडे निघालेली. एक आजी नऊवारी जराशी उचलून चालल्या होत्या. घोडागाड्या पाणी उडवत ये-जा करत होत्या.

बायको बराच वेळ बघत राहिली.

"हाच का तो? पोहत गेलात तो?"

"तेव्हा पाणी होतं."

"हं," ती म्हणाली आणि चपला काढल्या.

आम्ही चालत किल्ल्यात गेलो. तोफा बघितल्या, गणपतीला नमस्कार केला. भर समुद्रात गोड्या पाण्याची विहीर बघून ती थबकली. "आमच्याकडं शंभर हात खणलं तरी नुसता दगड, आणि इथं बघा!" मग समुद्राकडच्या तटावर बसलो. मला काय वाटत होतं म्हणाल, तर काही नाही. पाणी होतं, ते हलत होतं.

खालून घोडागाडीवाला ओरडला, "ओ काका, निघा आता! भरती लागली!"

आता आम्ही नाशिककर पाण्याचे जाणते. आमच्या नदीला, आम्ही तिला गंगाच म्हणतो, पाणी येतं ते वरून, धरणातून. आधी सांगून सोडतात. मग पात्रात उभ्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, ते बघायला अख्खं गाव छत्र्या घेऊन काठावर जमतं. मी समुद्राच्या बाजूला एक काळा खडक हेरला, त्याला मारुती मानला आणि बायकोला सांगितलं, "अजून गुडघ्यालाही नाही. बस निवांत. कमरेला लागलं की उठू."

बसलो. खडकाच्या कमरेला पाणी लागलं तसे हिशेबाने उठलो आणि किनाऱ्याकडच्या दरवाजाशी आलो. तिथे वाळू नव्हतीच. समुद्र किल्ल्याला दोन्ही अंगांनी वळसा घालून आमच्या पाठीमागे येऊन मिळाला होता. नदी असं कधी करत नाही. घोडागाड्या पलीकडे पोचून बिस्किटाएवढ्या दिसत होत्या.

"थांबा आता," फुलं विकणारी बाई म्हणाली. "पाणी पुरतं चढलं की होडी येईल."

आम्ही दरवाजाच्या पायरीवर बसलो. खाली लाटा दगडावर आपटत होत्या. बायकोने पदर खोचला आणि पाण्याकडे बोट केलं.

"आता हाय ना पाणी? जा पोहत. मी येते मागनं होडीनं."

मी पाण्याकडे बघितलं. जिभेवर काहीच येईना, देवमाशाचं शेपूटसुद्धा.

"मला पोहता येत नाही," मी म्हणालो. "समुद्र मी आजच पाहतोय."

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"लग्नानंतर गंगेवर नेलंत ना, तेव्हापासून. पहिल्या पायरीवर माझा दंड असा धरला होतात, की चार दिवस वळ होता." ती फुलवालीकडून आणलेला गजरा डोक्यात माळत होती. "टँकरचं पाणी भांडून मिळायचं. तुमचं नुसतं बसून मिळत होतं. कशाला बोलू?"

मग तिने गजरा चाचपून नीट बसवला. हळूच म्हणाली, "पण आता वर्ष झालं, घरात थेंब नाय."

होडी आली. तिने माझा दंड धरला आणि आम्ही बसलो.

घरी परतलो त्या संध्याकाळी ताई आल्या. "काय मावशी, कसा होता समुद्र?"

बायकोने चहाचा कप खाली ठेवला. "अगं, मेलोच होतो! भरती अशी आली, मला छातीइतकं पाणी. ह्यांनी मला पाठीवर घेतलं नि पोहत निघाले. होडीवाले हात जोडून उभे." आणि माझ्याकडे वळून, अगदी गंभीर चेहऱ्याने, "हो ना हो?"

ताई माझ्याकडे बघत होत्या. मी पंख्याकडे बघत होतो. आत काही हललं असं लिहिलं तर ती थाप होईल. पण बायकोने कप उचलला नव्हता. तिचा हात तसाच बशीवर होता.

"छातीइतकं कुठलं?" मी म्हणालो. "गळ्याला लागलं होतं."

"आणि देवमासा?" ताईंनी विचारलं.

"दोन होते," मी म्हणालो.

बायकोने कप उचलला आणि गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला.