उलट्या भिंगऱ्या

जमिलाच्या घरात उघडं असं काहीच नाही. फ्रिजच्या मुठीला विणलेली पट्टी, मिक्सरला झगा, पाण्याच्या माठाला जाळीची टोपी, टीव्हीच्या रिमोटला पिशवी आणि गॅसच्या सिलिंडरला चक्क घेरदार परकर. रोशन गेटमागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांच्या त्या घरात पहिल्यांदा आलेला माणूस कुठं बसावं या विचारात दोन क्षण उभाच राहतो, कारण खुर्चीवरही फुलं असतात. जमिलाचा नवरा शफी याचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. तो येईल त्याला सांगतो, "मी घरी एका जागी फार वेळ बसत नाय. बसलो तर मलापण झालर लावील."

जमिला हसते आणि विणत राहते. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यातली सेहेचाळीस वर्षं तिच्या हातात क्रोशा आहे. त्यातला एकही नग तिनं विकलेला नाही. कुणी विकत मागितला तर तिला राग येतो, आणि कुणी नुसतं "किती सुंदर!" म्हटलं तर ती तो नग काढून देऊन टाकते. हिशेब तिचा तिलाच ठाऊक.

तिचं काम ओळखायला नाव लिहावं लागत नाही, कारण जमिला डावरी आहे. लहानपणी सिल्लोडला तिच्या आईनं जेवताना तिचा डावा हात ओढणीनं पाठीशी बांधून ठेवला होता. जेवण, लिहिणं, देणं-घेणं, सगळं आईनं हट्टानं उजव्या हातावर आणलं. फक्त क्रोशा काही तिकडं गेला नाही. तिची खाला, म्हणजे मावशी, क्रोशाच्या भिंगऱ्या विणायची. भिंगरी म्हणजे वीतभर रुंदीचं गोल फूल, त्याला बारा पाती, आणि सगळी पाती एकाच बाजूला कललेली, वारा लागल्यासारखी. जमिला खालेच्या समोर बसून, तिच्या हातांकडं बघत शिकली. समोर बसून शिकल्यामुळं आणि डाव्या हातानं विणल्यामुळं तिच्या भिंगरीची पाती जगाच्या उलट दिशेला कलली. खाला म्हणाली, "पोरी, तुझी भिंगरी उलटी फिरती." बारा वर्षांची जमिला म्हणाली, "फिरती ना? मग झालं." तेव्हापासून तिनं पुन्हा कधी कुणाची परवानगी विचारली नाही.

घरातली मुलगी सासरी जाताना जमिलाच्या हातची भिंगऱ्यांची चादर घेऊन जाते, ही रीत तिनंच पाडली. दोन नणंदा आणि तीन पुतण्या तिच्या चादरी घेऊन गेल्या. चादर कुणी फारशी वापरत नाही. लग्नाआधी मुलाकडच्या बायका सामान बघायला येतात, तेव्हा ती सगळ्यांत वर ठेवलेली असते. त्या बायका विचारतात, "सगळं एकट्या हातानं?" आणि जमिला मान ताठ करून म्हणते, "व्हय. एकट्या हातानं." या एका वाक्यासाठी ती सहा-सहा महिने मान खाली घालून बसत आलेली आहे.

आता पाळी तिच्या स्वतःच्या लेकीची होती. कहकशाचं लग्न बिडकीनच्या घरात ठरलं. गुलमंडीतल्या दुकानातून जमिलानं मोतिया रंगाचा दोरा आणला. छप्पन्न भिंगऱ्या झाल्या, चाळीस राहिल्या, आणि सत्तावन्नाव्या भिंगरीला अकराच पाती आली. तिनं उसवली, पुन्हा विणली. या खेपेला तेरा आली. ती कुणाला काही बोलली नाही. पण मुलगा याह्या तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. मोतीबिंदू पिकला होता. शस्त्रक्रिया झाली, काळा चष्मा आला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की महिनाभर वाकायचं नाही आणि बारीक काम तर अजिबात करायचं नाही.

लग्न पाच आठवड्यांवर होतं. "करून टाक दुसऱ्या कुणाकडून," शेजारची सुरेखा म्हणाली. ती स्वतः चांगलं विणते. जमिलानं तिच्याकडं काळ्या चष्म्यातून असं बघितलं की सुरेखा चहा न घेताच गेली. लेकीला दुसऱ्याच्या हातची चादर द्यायची, त्यापेक्षा न दिलेली बरी, असं जमिलानं मनाशी ठरवून टाकलं. ठरवलं खरं, पण रोज दुपारी भिंतीकडं तोंड करून ती पडून राहायची आणि बिडकीनच्या बायका आल्यावर काय सांगायचं, याचा विचार करायची. सहा मुलींना चादर दिली म्हणायची सोय राहणार नव्हती. स्वतःची पोरगीच रिकाम्या हातानं जाणार होती.

याह्याची बायको उजमा त्या दिवसांत फार शांत होती. उजमा वैजापूरची. चार वर्षांपूर्वी नवी नवी आली तेव्हा तिनं मोठ्या हौसेनं विचारलं होतं, "अम्मी, मला शिकवाल?" जमिलानं दोन दिवस शिकवलं. सासूचा डावा हात बघून सुनेचा उजवा हात गोंधळायचा, दोरा गुरफटायचा, साखळीचा टाका सुटायचा. तिसऱ्या दिवशी जमिलानं तिच्या हातातून क्रोशा काढून घेतला. "तुझे हात लाकडाचे हायेत. राहू दे." उजमानं पुन्हा कधी विचारलं नाही. ती शेजारी मोबाईल घेऊन बसायची आणि जमिला कहकशाला म्हणायची, "बघ, हिचं तोंड सदानकदा त्या मोबाईलमधी."

सामान बघायला बायका येणार त्याच्या दोन दिवस आधी जमिलानं ट्रंक उघडली. निदान छप्पन्न सुट्या भिंगऱ्या तरी पिशवीत घालून लेकीला द्याव्यात, असं तिच्या मनात होतं. ट्रंकेत सुट्या भिंगऱ्या नव्हत्याच. तिथं घडी घातलेली, कडेला झालर लावलेली पुरी चादर होती.

तिनं ती पलंगावर अंथरली. वरच्या सात ओळी तिच्या होत्या. खालच्या पाच ओळींतली पाती दुसऱ्याच बाजूला कलली होती. नवा डोळा लख्ख बघत होता, आणि बघितलेलं तिला सोसेना. "उजमा!" ती ओरडली. "कुणाकडून आणलं हे? सुरेखानं केलं?"

उजमा दारात आली. तिच्यामागं शफी आला, म्हणजे त्यालाही सगळं ठाऊक होतं. उजमा म्हणाली, "मी केलं, अम्मी."

"तू? तुला तर साखळीबी येत नव्हती!"

उजमानं मोबाईल काढून पुढं धरला. पडद्यावर जमिलाचेच हात होते. शेजारी बसून उजमानं चार वर्षं तिचे हात टिपून घेतले होते. पण डाव्या हाताचं काम उजव्या हाताला उमजत नव्हतं, म्हणून तिनं सगळ्या चित्रफिती मोबाईलमध्येच उलटवून घेतल्या होत्या. आरशात दिसावं तसं. पडद्यावरची जमिला उजव्या हातानं विणत होती. तेच बोट, तीच अंगठी, तोच खांबाचा टाका घालतानाचा झटका, पण उजव्या हाताला. आपली आई जन्मभर जी मुलगी मागत होती ती ही, असं जमिलाला वाटलं. तिनं तोंड फिरवलं.

"भिंगऱ्या दुसरीकडं फिरतात, हे लई उशिरा कळलं," उजमा म्हणाली. "वीस झाल्या होत्या तेव्हा. अब्बा म्हणाले, राहू दे."

"मी म्हणालो, कूलरचा पंखा उलटा फिरला तर हवा येत नाय," शफीनं खुलासा केला. "चादरीला काय फरक पडतो?"

"तुम्ही गप बसा," जमिला म्हणाली.

उजमानं कात्री आणून तिच्यासमोर ठेवली. "उसवा, अम्मी. तुमच्या छप्पन्न राहू द्या. माझं मला वाईट नाय वाटणार."

जमिलानं कात्री उचलली, आणि एका भिंगरीची कड बोटांनी चाचपली. टाका घट्ट होता. दुसरी बघितली, तिसरी बघितली. चाळीस भिंगऱ्या तिनं एकेक करून तपासल्या आणि एकाही पात्यात तिला ढिला खांब सापडला नाही. तिच्या स्वतःच्या शेवटच्या दहा-बारा भिंगऱ्यांत मात्र डोळ्यांनी दगा दिलेला स्पष्ट दिसत होता. तिनं कात्री ठेवून दिली, पण तोंडानं शाबासकीचा शब्द काही निघाला नाही. इतक्या वर्षांचा ताठा दोन मिनिटांत जात नसतो. उलट दोन दिवसांनी सामान मांडताना तिनं चादरीची घडी अशी घातली की तिच्या भिंगऱ्या वर आल्या आणि उजमाच्या आत गेल्या. उजमानं ते बघितलं आणि ती चहा ठेवायला गेली.

बिडकीनच्या आठ बायका आल्या. त्यांत नवऱ्या मुलाची मोठी फुफी, म्हणजे आत्या, होती. तिच्या नजरेतून काही सुटत नाही, अशी तिची ख्याती आधीच पोचली होती. तिनं भांडी बघितली, कपडे बघितले, आणि चादरीजवळ येऊन थांबली. हात फिरवला. बोटांत दोरा धरून बघितला. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा कौतुक उमटलं. "जमिलाभाभी, हे सगळं एकट्या हातानं?"

जमिलाचं 'व्हय' ओठांवर आलंही होतं. पाच चादरींच्या वेळी तिनं ते म्हटलं होतं आणि पाचही वेळा ते खरं होतं. उजमा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिची नजर जमिनीवर होती, आणि जमिला काय म्हणणार हे ठाऊक असल्यासारखी ती मुकाट उभी होती. ते मुकाट उभं राहणंच जमिलाला झोंबलं. तिनं हात पुढं केला आणि घडी स्वतःच उलगडली. चादर पलंगाच्या कडेपर्यंत पसरली.

"नाय," ती म्हणाली. "ह्या वरच्या छप्पन्न माझ्या. खालच्या चाळीस माझ्या सुनेच्या. उजमाच्या."

बायका पुढं सरकल्या. फुफीनं खालच्या ओळी जवळून बघितल्या. "मग सुनेलाबी छान शिकवलंत की."

"जी, अम्मींनीच शिकवलं," उजमा घाईघाईनं म्हणाली.

"खोटं बोलती ती!" जमिला अशी कडाडली की कहकशा आतल्या खोलीतून डोकावली. "मी नाय शिकवलं. मी हिच्या हातातून क्रोशा हिसकावून घेतला होता. लाकडाचे हात हायेत म्हणाले होते. हिनं माझं काम चार वर्षं चोरून घेतलं, अन् माझ्याहून घट्ट विणलं. जवळून बघा, माझे खांब ढिले हायेत. हिचा एक दाखवा ढिला."

जमिला उठली, तिनं उजमाच्या हातातून ट्रे घेतला आणि तिला खांद्याला धरून फुफीच्या शेजारी बसवलं. "विचारा हिला काय विचारायचंय ते. दोरा, टाका, सगळं. मला नका विचारू."

मग नवरीची आई स्वतः चहा वाटायला निघाली. एकेकीच्या हातात कप देताना ती वाकून तेच सांगत होती. "ती तिथं बसली ना फुफीजवळ, ती माझी सून."