अख्खी गोळी

डाव्या बाजूची खालची अक्कलदाढ आडवी उगवली आहे, ती काढावी लागेल, असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला सत्तेचाळीस वर्षं पुरी झाली होती. या वयात अक्कल यायची काय आणि काढायची काय, असं ऑफिसात ज्याला त्याला म्हणून घ्यायचं होतं. म्हणू दिलं. मीही हसले. पण तारीख ठरल्यापासून माझं कशातही लक्ष लागेना. महादेवपुऱ्याहून जयनगरला परतताना कंपनीच्या बसमध्ये दीड-दोन तास मिळतात, ते सगळे मी फोनवर लोकांचे दाढ काढल्याचे अनुभव वाचण्यात घालवले. कुणी लिहिलं होतं, काही कळलंच नाही. कुणी लिहिलं होतं, चार दिवस भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. मी अर्थातच भिंतीवाल्यांवर विश्वास ठेवला.

दुखण्याची भीती होतीच, ती नाकारत नाही. पण तिच्या तळाशी दुसरी एक भीती होती आणि ती गोळीची होती. ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

आमच्या घरात गोळी अर्धी घेतात. कधीपासून, माहीत नाही. आमची माणसं चार पिढ्यांपूर्वी बेंगळुरात आली, शिवाजीनगरात कापडाचं दुकान काढून बसली, आणि डॉक्टरचं औषध अंगात उष्णता करतं ही समजूत त्यांनी इथल्या शेजाऱ्यांकडून घेतली की सोबतच आणली, कोण जाणे. तापाची गोळी असो, अंगदुखीची असो, माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, दाढीचं ब्लेड घेऊन बसायचे आणि बशीत ठेवून तिचे दोन तुकडे करायचे. कापड फाडायची सवय असलेला हात, तुकडे अगदी सारखे पडत. अर्धी आज, अर्धी लागलीच तर उद्या. वरून धण्याचं पाणी, नाहीतर कोपऱ्यावरून आणलेलं शहाळं. लहानपणी मला वाटायचं, अख्खी गोळी फक्त हॉस्पिटलात देतात.

हे सगळं गमतीत सांगता आलं असतं. आई गेली नसती तर मी तसंच सांगितलं असतं.

तीन वर्षांपूर्वी आईचा आजार हाडांपर्यंत पोचला आणि हॉस्पिटलनं तिला घरी पाठवलं. आता उपचार असा नाही, दुखणं तेवढं आवरायचं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. सोबत छोट्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. दर चार तासांनी एक, घड्याळ बघून, तिनं मागो न मागो. हे मी कागदावर लिहून फ्रिजवर लावलं. अण्णांनी तो कागद वाचला, चष्मा काढला आणि ब्लेड घेऊन बसले. अर्धी द्यायची, आणि तीही तिनं मागितली तर.

मी एकदा म्हटलं होतं. "अण्णा, अख्खी सांगितलीय त्यांनी. घड्याळाप्रमाणे."

"नशेची गोळी आहे गं ती," ते म्हणाले. "उद्या ती शुद्धीवर नसली तर बोलशील कुणाशी?"

यावर मी गप्प बसले. त्यांना घाबरून नाही. मलाही आईनं शुद्धीवर राहायला हवं होतं. संध्याकाळी बसमधून उतरून घरी आले की तिनं मला ओळखावं, आज काय डबा खाल्लास विचारावं, एवढ्यासाठी मी तो कागद फ्रिजवर नुसता राहू दिला. अण्णा अडाणी होते असं म्हणून मला सुटता येत नाही. मी शिकलेली होते.

आईनं गोळी फारशी मागितली नाही. तिनं आयुष्यात काय मागितलं होतं म्हणून तेवढं मागेल? ती भिंतीकडे तोंड करून पडायची आणि पदराचं टोक दातांत धरायची. मी ते बघितलं आहे. बघून मी तिचे पाय दाबले. ती गेल्यावर डबीत बऱ्याच गोळ्या उरल्या, त्या हॉस्पिटलला परत केल्या. भेटायला आलेल्या प्रत्येकाला अण्णा सांगत होते, "शेवटपर्यंत अर्ध्यावर भागलं तिचं. फार सोसावं लागलं नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा जरा उजळायचा. आजही सांगतात. एकोणऐंशी वर्षांचे आहेत, आणि तिच्या शेवटातलं त्यांच्याजवळ एवढंच एक चांगलं आहे.

म्हणून मला गोळीची भीती वाटत होती. दाढेवर गोळी लागू पडली नाही तर मला त्रास होणार होता. आणि अख्खी घेऊन ती नीट लागू पडली, तर आपण आईचं काय केलं हे मला अंगावर कळणार होतं. आणि अण्णाही समोर बसलेले असणार होते.

ठरल्या दिवशी शनिवारी सकाळी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. घरापासून चार गल्ल्या. अण्णांनी येऊ नये म्हणून मी खूप सांगितलं, पण ते पिशवीत पाण्याची बाटली आणि घडीचा टॉवेल घेऊन माझ्या आधी फाटकाशी उभे. "बन्नी अक्का," म्हणत काउंटरवरच्या बाईनं मला आत बोलावलं. अण्णा बाहेर बाकावर बसले.

डॉक्टर माझ्या निम्म्या वयाची वाटत होती. तिनं कन्नडमध्ये भराभर विचारलं, शुगर आहे का, बीपी आहे का, दुखण्याच्या गोळ्यांचा कधी त्रास झाला होता का.

"त्रास नाही," मी म्हटलं. "मी अर्धीच घेते."

तिनं लिहिणं थांबवलं. "अर्धी का?"

घरची पद्धत, म्हटलं.

"मॅडम, गोळी अर्धी केली म्हणून दुखणं अर्धं होत नाही," ती म्हणाली. "त्याला पुरेल एवढी पडायला हवी. आणि दुखायची वाट बघू नका. बधिरपणा उतरायच्या आधी पहिली घ्या, मग दर आठ तासांनी. एकदा दुखणं चढलं की त्याच्या मागे धावत बसावं लागतं."

ती हे रोज दहा जणांना सांगत असेल. मला रडू फुटलं. ती गोंधळली, माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "अजून तर मी काहीच केलं नाही. सुई स्वल्प टोचेल, तेवढंच." मी मान हलवली. दाढेला घाबरून रडतेय असं तिला वाटलं ते बरंच झालं.

खरंच सुई टोचली तेवढंच. मग ओठ जड झाला, जीभ परकी झाली. मशीनचा आवाज कवटीत घुमत होता, जबडा दाबला जात होता, काहीतरी कडकन मोडल्याचं कळलं, पण दुखलं नाही. तासाभरात टाके घालून मी बाहेर. एवढा मोठा घाव करताना माणसाला काही जाणवू द्यायचं नाही हे जमतं तर, असा विचार रिक्षात आला आणि तो मी पुढे जाऊ दिला नाही.

घरी आल्यावर पहिली गोळी घ्यायची होती. मी ती टेबलावर ठेवली आणि घेतली नाही. दुपारभर तिच्याकडे बघत पडून राहिले. मूर्खपणा होता, कळत होतं. चारच्या सुमाराला ओठाला मुंग्या आल्या, आणि पाच वाजेपर्यंत कानापासून गळ्यापर्यंत एकच ठणका सुरू झाला. मी उशीचा अभ्रा दातांत धरायला गेले, तर दात मिटता येत नव्हते. तेव्हा मला आई आठवली असं म्हणणं खोटं होईल. तेव्हा मला कुणीच आठवलं नाही. दुखण्याशिवाय घरात दुसरं काही नव्हतं. आईला असे किती दिवस गेले, हे त्यानंतर सुचलं.

अण्णा आत आले. टेबलावरची गोळी त्यांनी नेली होती हे मला तेव्हा कळलं, कारण हातात बशी होती आणि बशीत दोन तुकडे.

"ही अर्धी घे. सरी होईल, बरं वाटेल," ते म्हणाले. "बाकीची राहू दे."

मला बोलता येत नव्हतं. मी हात पुढे केला आणि दोन्ही तुकडे उचलले. ते "अगं, उष्ण पडेल" म्हणेपर्यंत पाण्याबरोबर गिळलेही. ते खुर्ची ओढून बाजूला बसले.

समोर घड्याळ होतं. वीस मिनिटं काही झालं नाही. मग ठणक्याच्या कडा बोथट झाल्या. मग तो कानातून उतरला, गळ्यातून उतरला. चाळीस मिनिटांनी मी श्वास सोडला तेव्हा जबड्यात नुसता जडपणा होता. रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता तो ऐकू येऊ लागला. मला चक्क भूक लागली. मी शुद्धीवर होते, घरात कोण आहे ते ओळखत होते, डबा काय होता ते कुणालाही विचारू शकले असते. इतकं सोपं होतं ते. एक अख्खी गोळी आणि चाळीस मिनिटं. मला इतकी लाज वाटली की मी डोळे मिटून घेतले.

"थांबलं का गं?" अण्णांनी विचारलं.

मी डोळे उघडले. ते खुर्चीच्या कडेवर बसले होते, रिकामी बशी मांडीवर तशीच, आणि माझ्या तोंडाकडे बघत होते. लेकीची चौकशी करणाऱ्या माणसाची ती नजर नव्हती. निकाल ऐकायला आलेला माणूस असा बघतो. तीन वर्षं हाच प्रश्न त्यांनाही पडत असावा, आणि विचारायला आज पहिल्यांदा कुणी सापडलं असावं.

"नाही," मी गाल धरून म्हटलं. "दोन्ही घेऊन काही फरक नाही."

मग त्यांचे खांदे सैल झाले.

"या गोळ्यांचं तसंच असतं," ते म्हणाले. "तुझ्या आईला मी उगाच जास्त दिल्या नाहीत."

"हो," मी म्हटलं.

ते उठले आणि माझ्यासाठी मऊ भात निवत ठेवायला स्वयंपाकघरात गेले. मी गालावरचा हात काढला नाही. तिथं काहीच दुखत नव्हतं.