भाव न करणारा कॉम्रेड

भांडुप स्टेशनबाहेर मी वीस वर्षं मिरची-लिंबू विकलं. संध्याकाळी टोपली रिकामी व्हायची, पण डोक्यात किस्से साचत जायचे. त्यातले निम्मे कॉम्रेडचे. गिरणी बंद पडल्यावर हा बाबा आम्हा भाजीवाल्यांची युनियन काढायला आला होता. खरं नाव कुणी विचारलंच नाही.

पहिल्याच दिवशी माझ्या शेजारी बसणाऱ्या मालवणी राधाकाकीने त्याला वांगी तीन रुपये किलो सांगितली. खरा भाव दोन. गिऱ्हाईक पाडून मागणार म्हणून वर सांगायचं, ही बाजाराची रीतच. पण कॉम्रेडने मुकाट तीन दिले. म्हणाला, कष्टाच्या दामावर घासाघीस करायची नाही. काकीला ते दिवसभर टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी तिने दोन सांगितले, तर तो भडकला, माझी कीव करता काय म्हणून! तो तीनच्या खाली येईना, काकी दोनच्या वर जाईना. बघायला ही गर्दी! शेवटी अडीचवर तोडलं.

त्याची पत्रकं आम्ही बिनदिक्कत मिरच्या बांधायला वापरायचो. एकदा त्याने पाहिलंच. मी तर शरमेने अर्धी झाले. तो पुडा उलटून बघत म्हणाला, "ताई, छापलेली बाजू बाहेर ठेवाल का? घरी जाऊन कुणी तरी वाचेल."

मीटिंग ठेवली ती संध्याकाळी सहाला, ऐन धंद्याच्या वेळी. एकटाच उभा होता बिचारा. मग आम्ही त्याला दुपारी दोनला बोलावलं, लसूण निवडायच्या वेळी. तेव्हापासून रोज शोषणावर भाषण द्यायचा आणि देता देता लसूण निवडायचा. भाषण आमच्या डोक्यावरून जायचं. लसूण मात्र झकास निवडायचा!

मग रस्ता रुंद करायचं निघालं आणि आमची वाट लागली. मागच्या मैदानात थोड्या जागा देणार होते, बाकीच्यांनी घरी बसायचं. माझ्या घरात कमावणारी मी एकटी. कॉम्रेड काकीला आणि मला घेऊन पालिकेच्या साहेबांकडे गेला. सदतीस जागा मागितल्या.

साहेब म्हणाले, वीस देतो.

"सदतीस."

"बरं, तीस. आता ताणू नका."

कॉम्रेडने खिशातून यादी काढून साहेबांसमोर ठेवली. प्रत्येकीचं नाव आणि ती काय विकते, सगळं त्याच्या सुवाच्य अक्षरात.

"बायका सदतीस आहेत, साहेब. ह्यातल्या कुठल्या सात जणींना घरी बसवायचं, त्यांच्या नावांवर तुम्ही काट मारा. मी जाऊन सांगतो त्यांना."

साहेबांनी पेन उचललं. यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग पुन्हा वाचली. आणि खाली सही केली. सदतीस!

बाहेर आल्यावर मला रडूच फुटलं. कॉम्रेडचेही डोळे भरले होते. काकी मात्र कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली.

"पन्नास सांगूक तुका काय झाला होता रे? चाळीस तरी गावले असते!"