दुसरा साक्षीदार

चर्चच्या मंडळीतल्या वडिलावर, म्हणजे मंडळीनं नेमलेल्या पुढाऱ्यावर, कुणी आरोप केला तर एकट्या माणसाचं ऐकू नये, दोघे-तिघे साक्षीदार असतील तरच ऐकावं, असं बायबलातल्या पत्रात पौलानं तीमथ्याला बजावून ठेवलं आहे. नियम चांगला आहे. कुणाच्या चहाडीनं म्हाताऱ्या माणसाची अब्रू जाऊ नये म्हणून केलेला आहे. आमच्या मंडळीत मात्र तो हळूहळू उलटा झाला. दोन माणसं उभी राहिली की वडील संपला, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. ज्या सभेत हे पक्कं झालं, तिथं पहिला साक्षीदार मंडळीचा सेक्रेटरी होता आणि दुसरा मी.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या फाटकावर नवं नाव लागलं, शहरात पेढे वाटले गेले, काही लोक दारं लावून बसले, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आता बोललो तरी कारखान्यात कुणी काही म्हणणार नाही. एवढी वर्षं थांबलो ते यासाठी. यापेक्षा मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

ज्यांच्याविरुद्ध मी उभा राहिलो त्यांना सगळे मामा म्हणायचे. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी जन्मभर ड्रेसरचं काम केलं, लोकांच्या जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. निवृत्त झाल्यावर मिशनच्या कंपाउंडातल्या दोन खोल्यांत मामीबरोबर राहायचे. मंडळीत ते मुख्य वडील. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांचं तबक घेऊन तेच बाकाबाकाशी जायचे.

मामा मऊ माणूस नव्हते. माझ्या बापाला त्यांनीच शिस्तीखाली बसवलं होतं. बाप गावी चुलत्याकडे गेला आणि जत्रेतल्या बळीच्या बोकडाचं मटण खाऊन आला. मामांनी ते सभेत मांडलं, दुसरा साक्षीदारही हजर केला. वर्षभर बाप शेवटच्या बाकावर बसला, पेला मिळाला नाही. मी तेव्हा शाळेत होतो. वर्गातली कंपाउंडची पोरं मला 'बोकड' म्हणून हाक मारायची. वर्ष संपल्यावर मामा आमच्या घरी आले, बापाच्या हाताला धरून त्याला पुढच्या बाकावर घेऊन गेले आणि पहिला पेला त्याच्या हातात दिला. हेही मी बघितलं होतं. पण मोठा होत असताना मनात धरून ठेवला तो शेवटचा बाक.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव दलित वस्त्या पेटल्या, तेव्हा मामांची बहीण पिशोरला एसटी पकडून शहरात आली. नवऱ्याचा हात गळ्यात बांधलेला, मागं सून आणि लहान नातवंडं. त्यांचं घर गेलं होतं. बहीण सासरच्यांबरोबर बौद्ध झालेली. मामांच्या वडिलांनी त्याआधीच, तिचं लग्न झाल्यावर, बाप्तिस्मा घेतला होता. एकाच घराच्या ह्या दोन वाटा. आमच्या कंपाउंडात बहुतेकांचं असंच होतं. मुळं त्याच वस्त्यांत, चुलते अजून तिथंच. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. 'आपण ख्रिस्ती, आपला काय संबंध,' एवढंच बोलायचं.

मी तेव्हा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये टेम्पररी होतो. परमनंट करायचं की नाही ते फोरमनच्या हातात. चांगल्या जमीनदार घरातला माणूस. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर म्हणाला, "काय येशूवाले, तुमचं काय म्हणणं? बदलावं का नाव?"

मी म्हणालो, "आपल्याला काय साहेब, आपलं नाव वर स्वर्गात लिहिलंय."

शेड हसून हसून लोळली. फोरमननं पाठीवर थाप मारली. त्या आठवड्यात आमच्याच शेडमधली दोन पोरं कामावर आली नव्हती, वस्तीत काय झालं ते बघायला गेली होती. ती परत आली तेव्हा त्यांच्या जागी दुसरी माणसं उभी होती. माझी जागा शाबूत राहिली.

त्याच रविवारी उपासनेनंतर मामांनी मला जेवायला नेलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. असं कुणाला तरी नेहमी न्यायचे. बहिणीनं वाढलं, ज्वारीची भाकरी आणि झुणका. भिंतीवर, वचनांच्या कॅलेंडरशेजारी, बुद्धाची एक तसबीर होती. काच तडकलेली, कडेला काळपट. जळत्या घरातनं तेवढीच निघाली होती.

माझी नजर तिकडं गेलेली बहिणीनं बघितली. "दादा, काढून ठेव की ते. तुझ्या लोकांना चालायचं नाय."

"माझ्या लोकांना काय चालतं ते मला नगं सांगू," मामा म्हणाले. "लई जणांची गळवं धुतल्यात ह्या हातानं. भिंत माझी हाय, खिळा मी ठोकलाय. तू भाकर वाढ."

बहीण आणि तिचा नवरा जेवायच्या आधी तसबिरीपुढं हात जोडून उभे राहिले. मामांनी डोळे मिटून आपली नेहमीची प्रार्थना केली, आमेन म्हटलं आणि भाकरी मोडली. एवढं झालं, आणि मी ते समोर बसून पाहिलं.

मंडळीचा सेक्रेटरी सरकारी कचेरीत कारकून होता. कंपाउंडात बाहेरचे लोक राहतात, ह्याची चौकशी करून एक पोलीस शिपाई गेला तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. उद्या दगड आले तर चर्चच्या काचा फुटतील, असं तो सगळ्यांना सांगत फिरत होता. चर्चच्या पायरीवर त्यानं मला गाठलं.

"मामांकडं जेवलास म्हणे."

"व्हय."

"भिंतीवर काय आहे, बघितलंस?"

"बघितलं."

"मीपण बघितलं. पण मी एकटा. शास्त्राला दोन लागतात." तो माझ्या खांद्यावरचं काहीतरी झटकल्यासारखं करून म्हणाला, "तुझ्या बापाला ह्याच माणसानं बोकडापायी वर्षभर मागं बसवलं. आता त्याच्या घरात काय चाललंय? आणि हे बघ, वडिलाची जागा रिकामी राहत नाही. तुझ्यासारखा शिकलेला, कंपनीतला तरुण मंडळीला पाहिजेच आहे."

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

आमच्याकडं वडिलाची परीक्षा घ्यायची एक रीत होती. पाळक, म्हणजे आमचे पाद्री, पौलाच्या पत्रातले वडिलाचे गुण एकेक वाचायचे आणि प्रत्येकानंतर थांबायचे. हरकत असेल त्यानं उभं राहायचं. कुणी उभं राहिलं नाही तर तो गुण त्या माणसात आहे असं धरायचं. सभा शनिवारी दुपारी भरली. मामा पुढच्या खुर्चीत एकटे, लोकांकडं तोंड करून. पाळक वाचत गेले. एकाच बायकोचा नवरा असावा. कुणी हललं नाही. दारुडा नसावा. कुणी हललं नाही. पाहुण्यांचा आदर करणारा असावा. कुणी हललं नाही. मामींनी मात्र मागं वळून सगळ्यांकडं बघितलं.

आपल्या घरावर चांगला ताबा ठेवणारा असावा. सेक्रेटरी उभा राहिला. घरात मूर्तिपूजा चालते, म्हणाला.

पाळक जमिनीकडं बघत म्हणाले, "दुसरं कोणी?"

मी उभा राहिलो. मी म्हणालो, तसबीर आहे, मामांनी स्वतः खिळा ठोकला, मी तिथं जेवलो तेव्हा पाहिलं. इथपर्यंत खरं होतं. मग सेक्रेटरी म्हणाला, "आणि तिच्यापुढं हात कोण जोडतं?"

"घरातले सगळे."

मामांनी मान वर केली. "म्या पण?"

त्यांच्याकडं बघून बोलणं जमलं नाही. बाकाच्या कडेकडं बघत मी म्हणालो, "सगळे."

मामा खुर्चीतच पाळकांकडं वळले. म्हणाले, "पाद्रीसाहेब, पोरगं खोटं बोलतंय. पण हा नियम म्याच लई जणांना लावला. दोन म्हणजे दोन. आता माझ्यासाठी तीन कसे मागू?"

पाळक भित्रे होते, वाईट नव्हते. म्हणाले, "मामा, बहिणीची दुसरीकडं सोय करा. आपण हे इथंच मिटवू. तुमचं वडीलपण राहील."

"कुठं सोय करू? शहागंजच्या फूटपाथवर?"

मागून कुणीतरी म्हणालं, "गावाकडं जाऊ द्या की. आता तिकडं थंड झालंय."

"थंडच झालंय," मामा म्हणाले. "राखच हाय नुसती. बहीण जाणार नाय."

मग ठरलं. मामांचं वडीलपण काढलं, आणि दोघेही साक्षीदार आपला शब्द मागं घेत नाहीत तोवर त्यांना प्रभुभोजनाचा पेला नाही.

काही महिन्यांत मी परमनंट झालो आणि वडीलही झालो. माझी परीक्षा झाली तेव्हा एकाही गुणाला कुणी उभं राहिलं नाही. मामा शेवटच्या बाकावर होते. त्यांना उभं राहता आलं असतं. राहिले नाहीत.

पहिल्या रविवारी तबक घेऊन मी शेवटच्या बाकापाशी गेलो. मामांचा हात सवयीनं वर आला. मी तबक उचलून त्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या माणसापुढं धरलं. त्यांनी हात मागं घेतला आणि गुडघा चोळायला लागले, जणू त्यासाठीच उचलला होता. पुढच्या महिन्यापासून हात वर आला नाही. पण मामा यायचे राहिले नाहीत. महिनोन्महिने, वर्षानुवर्षं मी तबक त्यांच्यावरून नेत राहिलो. पुढं पुढं ते कामासारखं जमायला लागलं. हे जमायला लागलं, हेच मला सगळ्यात जास्त सांगायचं होतं.

त्यांची बहीण वाळूजकडं नवीन कारखाने निघाले तेव्हा तिकडं पत्र्याच्या घरात राहायला गेली. तसबीर गेली, माणसं गेली, शिक्षा राहिली. सेक्रेटरीची नांदेडला बदली झाली. जाताना पाळकांना सहज सांगून गेला, "माझा शब्द मी मागं घेतो, साहेब. म्हाताऱ्याला कशाला ताणायचं." दगडांची भीती गेली, त्याचं काम झालं होतं. राहिलो मी एकटा. माझा शब्द मागं घ्यायचा तर सभेत सांगावं लागणार की मी खोटं बोललो. आणि वडील निष्कलंक असावा, हे पौलाच्या यादीत पहिलंच आहे. म्हणजे मामांना पेला द्यायचा तर माझ्या हातातलं तबक जाणार. दर महिन्याला मी हा हिशोब करायचो आणि दर महिन्याला तो मामांच्या विरुद्ध जायचा.

मामा अंथरुणाला खिळले तेव्हा मामी माझ्या घरी आल्या. भर दुपारी, चालत. बायकोनं चहा ठेवला.

"त्यांना पेला पाहिजे," मामी म्हणाल्या. "तोंडानं म्हणत नायत. मला कळतं."

"कमिटीपुढं ठेवतो, मामी."

"तुझ्या बापाला हाताला धरून आणलं, तवा ह्यांनी कमिटी इचारली व्हती का?"

"तेव्हाचं वेगळं होतं."

"वेगळं हायच. तुझ्या बापानं मटण खाल्लंच व्हतं. ह्यांनी हात जोडलेच नव्हते." त्यांनी कप पुढं सरकवला, प्यायल्या नाहीत. "तुला सभेत नसंल बोलायचं तर नको बोलू. एका वाटीत घोटभर रस आन. म्या कुणाला सांगनार नाय. त्यांनापण कळू देनार नाय तू चोरून आनला म्हनून. मंडळीनं दिला म्हनीन."

मी म्हणालो, असं चोरून देणं शास्त्राला धरून नाही.

हे वाक्य मी म्हणालो. माझी बायको दारात उभी होती, ती आत निघून गेली. मामी उठल्या, चपला घालता घालता म्हणाल्या, "शास्त्र लई पाठ झालं रं तुझं."

मामा त्याच आठवड्यात गेले. पाळक नवीन होते, मंडळीची माहिती नव्हती. चर्चच्या फाटकापाशी प्रेत आलं तेव्हा मला बाजूला घेऊन विचारलं, "हे शिस्तीखाली होते म्हणतात. तुमच्याकडं काय रीत आहे? आत घ्यायचं का? घंटा वाजवायची?"

त्यांनी सगळं माझ्यावर सोडलं होतं. साधं 'घ्या आत' म्हटलं असतं तरी चाललं असतं, कुणी साक्ष मागणार नव्हतं. पण आत घेतलं तर लोक विचारतील, शिस्त कधी उठली, कुणी उठवली, असं माझ्या डोक्यात आलं. मी म्हणालो, "बाहेरूनच प्रार्थना करतात."

फाटकाबाहेर, रिक्षांच्या आवाजात पाळकांनी प्रार्थना केली. मामांनी जिवंतपणी मला एक शब्द जरी ऐकवला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. शिवी तरी. मंडळीतले लोक बाजूला उभे होते. वाळूजहून आलेल्या भाच्यांनी पेटीला खांदा दिला.

कब्रस्तानात माती टाकायची वेळ आली. मी वडील म्हणून पुढं झालो, वाकून मूठभर माती घेतली. मामी समोर होत्या.

"तू नको," त्या म्हणाल्या.

मोठ्यानं नाही. पण सगळ्यांनी ऐकलं. पाळक माझ्याकडं बघायला लागले. कुणी का म्हणून विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मूठ उघडली, माती माझ्याच बुटांवर पडली. मग मामींनी वाळूजच्या भाच्यांना हाक मारली. त्यांनी माती टाकली, बहिणीनं टाकली.

मी अजून वडील आहे. हे छापून आल्यावर राहणार नाही. मंडळीतल्या कुणी हे वाचलं तर सभा बोलवा, गुण वाचा, उभे राहा. एकट्यानं उभं राहायची भीती वाटली तर दुसरा साक्षीदार मी आहे. मामांनी हात जोडले नव्हते. ते डोळे मिटून आपल्याच प्रभूला भाकरीबद्दल धन्यवाद देत होते, आणि त्यात त्यांनी पाहुण्याचं, म्हणजे माझंही नाव घेतलं होतं.